मुधोळच्या आक्कांचे अंगण

गेल्या माघात दोन दिवसांची रजा काढून मी मुधोळला जाऊन आलो. निमित्त साडूंच्या घरच्या वास्तुशांतीचे. पण खरे सांगायचे तर मला तिथली कुत्री पाहायची होती आणि जमल्यास एक पिल्लू आणायचे होते.

मिरजेहून कागवाड, अथणी करीत गाडी जमखंडीकडे जाते. अथणी सोडल्यावर वाटेत कृष्णा ओलांडावी लागते. नदीच्या दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर ऊस, आणि पाण्यापासून जरा लांब सरकले की काळ्या रानात दाणे भरलेला शाळू. पाट्या कानडीत झाल्या, एवढाच काय तो फरक. जमखंडीच्या खडकाळ टेकड्या मागे पडल्या की थोड्याच वेळात मुधोळ येते. गाव घटप्रभेच्या काठी. कन्नड महाकवी रन्न इथलाच. स्वातंत्र्यापूर्वी हे घोरपड्यांचे संस्थान होते, त्यामुळे बाजारात मराठी बोलून काही अडत नाही.

या संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी मुधोळच्या कुत्र्याला नाव मिळवून दिले. या भागातले बेडर लोक शिकारीला जी चपळ कुत्री नेत, ती त्यांच्या नजरेत भरली आणि त्यांनी तो वाण निवडून जोपासला. आपल्याकडे त्याच कुत्र्याला कारवानी म्हणतात. लांब निमुळते तोंड, खोल छाती, पाठीला लागलेले पोट, दोन-सव्वादोन फूट उंची. 2005 साली टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले, आणि 2016 साली लष्कराने मेरठच्या केंद्रात शिकवण्यासाठी इथली पिल्ले नेली. मुधोळजवळ तिम्मापूर येथे बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे या कुत्र्यांसाठी केंद्र आहे. तिथेही जायचे होते. पण साडूंच्या ओळखीच्या एका वस्तीवर गेलो आणि दिवस तिथेच सरला.

वस्ती साधी, चार एकरांची. घरधनी उसाच्या तोडीला गेलेले. त्यांची आई, साठी उलटलेली, अंगणात बसून शेंगा फोडत होती. सगळे तिला आक्का म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. अंगणात तीन मोठी कुत्री आणि एक व्यालेली कुत्री. मी बसल्या बसल्या म्हणालो, "आक्का, कुत्री जरा हडकुळी दिसतात." आक्का हसल्या. एकाला जवळ बोलावून माझा हात धरला आणि त्याच्या बरगडीवर फिरवायला लावला. "पाव्हणं, बरगडी हाताला लागली पायजे, पर डोळ्याला लई दिसाय नगं. हाताला लागंना झाली की भाकरी कमी करायची." आमच्या दवाखान्यातले डॉक्टरही वजनाची पारख अशीच सांगतात. गावाकडे कुत्रे एक तर उपाशी असते नाही तर लाडाने फुगलेले, आणि फुगलेल्याचे गुडघे व काळीज लवकर दमते.

आक्कांच्या घरी कुत्र्यांचे खाणे म्हणजे शाळवाची किंवा मक्याची भाकरी, ताक नाही तर दूध, शिजवलेली डाळ आणि अधूनमधून अंडे. तिखट-मिठाची आमटी नाही. मटण झाले तर शिजलेली हाडे घालत नाहीत, कारण ती फुटून टोकदार होतात आणि आतड्यात रुततात. जत्रेत बकरे पडले की काळीज-फुप्फुसे कच्ची कुत्र्यापुढे टाकायची नाहीत, हा त्यांच्या सासूपासूनचा नियम. त्याचे कारण मी त्यांना सांगितले. अशा काळजात कधी पाण्याने भरलेले फोड असतात. ते कुत्र्याने खाल्ले की त्याच्या पोटात बारीक पट्टकृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि हातावाटे, भाजीवाटे माणसाच्या पोटात जाऊन तेच फोड माणसाच्या काळजात वाढतात. आक्का एवढेच म्हणाल्या, "म्हंजी म्हातारी खुळी नव्हती."

पण जुने ते सगळेच चांगले असे नाही. जंतांसाठी कुत्र्याला लसूण ठेचून देण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आहे. लसूण आणि कांदा या दोन्हींनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. झाडपाल्याचे आहे म्हणून ते निरुपद्रवी होत नाही. आमच्या तासगाव भागातल्या वाचकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे असतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकते. बेदाण्याच्या शेडवर राखणीला कुत्रे असतेच, आणि मुले कौतुकाने मूठभर पुढे टाकतात. जंतांचे औषध दवाखान्यातूनच, वजन सांगून आणावे. पिल्लाला आईच्या पोटातून आणि दुधातूनही जंत येतात, म्हणून दोन आठवड्यांचे झाल्यापासून पंधरा-पंधरा दिवसांनी तिसऱ्या महिन्यापर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, आणि पुढे तीन महिन्यांतून एकदा.

उन्हे कलल्यावर आक्कांचा नातू कुत्री घेऊन मोकळ्या रानात गेला. मीही मागोमाग गेलो. ऊस तुटलेल्या फडात ती जी सुटली, ती नुसती पाहत राहावी. कुठे पाय टेकतो आणि कुठे उचलतो ते कळत नव्हते. दिवसाला दोनदा असे पळणे, बाकी वेळ सावलीत पडणे. दिवसभर साखळीला बांधलेले कुत्रे चिडके होते हे आपण पाहतोच, त्याची आतडीही मंदावतात. परत आल्यावर नातवाने प्रत्येकाचे कान, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीचे मूळ चाचपले. सापडलेले गोचीड बोटाने न चिरडता त्याने साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकले. गोठ्याच्या भिंतींच्या भेगा वर्षातून दोनदा लिंपून चुना मारलेला होता. गोचीड अंडी घालतो तो भेगांत, तेव्हा नुसते कुत्र्याचे अंग साफ करून भागत नाही. अंघोळीला त्या कडुलिंबाचा पाला उकळलेले पाणी वापरतात. त्याने थोडा उतार पडतो, पण गोचीड फार झाले तर डॉक्टरांचे औषध लागते.

इथे माझ्या खात्याशी संबंधित एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका गावात शेतकऱ्याने पिकावर फवारायचे कीटकनाशक पाण्यात कालवून कुत्र्याच्या अंगाला चोळले. कातडीतून गेले, चाटल्यामुळे पोटातही गेले. लाळ गाळत, थरथरत ते संध्याकाळपर्यंत मेले. त्या औषधाच्या फवारणीचे प्रात्यक्षिक आदल्या आठवड्यात मीच दाखवले होते. जनावराच्या अंगाला लावू नका, हे वाक्य तेव्हा माझ्या तोंडून निघाले नव्हते. आता प्रत्येक प्रात्यक्षिकात निघते.

चहा झाल्यावर मी पिल्लांचा विषय काढला. आक्कांनी किंमत सांगितली नाही. "आधी कुत्रं हुतं का घरी?" म्हणून विचारले.

होते. एका वस्तीवरून दोन महिन्यांचे गावठी पिल्लू आणले होते. आईचे दूध भरपूर प्यालेले, गुबगुबीत. लसीचे मनात होते, पण आज नको उद्या करीत महिना गेला. एके दिवशी खाणे सोडले, उलट्या सुरू झाल्या. आमच्या घरात हगवणीला डाळिंबाच्या सालीचा काढा देतात, तो दिला. ताक पाजले. तिसऱ्या दिवशी रक्त पडू लागले तेव्हा दवाखान्यात नेले. पार्व्हो होता. डॉक्टरांनी सलाईन लावले, पण रात्री पिल्लू गेले. मुलगी दोन दिवस जेवली नाही, म्हणून महिनाभराने त्याच वस्तीवरून दुसरे आणून त्याच गोणपाटावर, त्याच कोपऱ्यात ठेवले. तेही आठ दिवसांत तसेच गेले. तीस वर्षे मी लोकांना सांगत आलो की बीजप्रक्रिया केल्याशिवाय पेरू नका, पेरल्यावर रोग दिसेल तेव्हा उशीर झालेला असतो.

आक्कांनी सगळे ऐकून घेतले. मग घरात जाऊन पत्र्याची पेटी आणली. शेताच्या कागदांबरोबर तिच्यात प्रत्येक कुत्र्याचे लसीचे पुस्तक होते. आईच्या दुधातून आलेली ताकद दीड-दोन महिन्यांनी ओसरू लागते. तेव्हा पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी चौथ्या महिन्यापर्यंत, त्यानंतर डॉक्टर सांगतील तशी. रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर, आणि पुढे वेळच्या वेळी. लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लू रस्त्यावर, बाजारात न्यायचे नाही. रेबीजच्या पानांवर आक्कांनी बोट ठेवले. त्यांच्या माहेरी एक मुलगा पिसाळलेल्या कुत्र्याने गेला होता. चाव्यावर मिरची आणि चुना भरला होता. बंधू-भगिनींनो, चावा लहान असो, ओरखडा असो, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर इलाज नाही.

"तर आक्का, त्यातलं एक पिल्लू..." मी पुन्हा म्हणालो.

"ते दुसरं कवा गेलं?"

"भाद्रपदात."

आक्कांनी बोटांवर महिने मोजले. "पाच झाले. मातीत ऱ्हातंय ते वर्सभर. फेनेलनं मरत न्हाई."

खरेच आहे. फरशीवर ब्लीचिंग पावडरचे पाणी चालते, पण मातीच्या अंगणात ते मुरून जाते. मी कोपरा फिनेलनेच धुतला होता.

"गोणपाट जाळा, तिथली वरची माती काढून लांब पुरा, जागा उन्हात उघडी ऱ्हाऊ द्या," आक्का म्हणाल्या. "कुत्री पुन्हा व्याली की पिल्लू राखून ठेवते. दिवाळीला या, लसीचं पुस्तक संगट देते. आज न्हाई."

पैसे खिशातच राहिले. निघताना त्यांनी वाटेसाठी शेंगा बांधून दिल्या. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी आणि मुलीने मिळून तो कोपरा हातभर खणला.