पट्टीचा वास

पाथर्डीचे गुरुजी पहिल्यांदा त्यांची पद्मिनी घेऊन आले, तेव्हा त्यांनी डिकीतून एक पुठ्ठा काढून माझ्यासमोर धरला. रात्रभर गाडीखाली ठेवलेला. मधोमध भाकरीएवढा काळा डाग. "चेंबरचं पॅकिंग दोनदा बदलून झालं," ते म्हणाले, "आणि करंजी घाट चढताना गाडी मिसिंग मारते." मग जरा समाधानाने म्हणाले, "एक मात्र बरं आहे. ऑइल गळतं, पण पट्टीवर कमी होत नाही. वरून टाकावं लागत नाही."

ते शेवटचं वाक्य मी त्याच क्षणी धरायला हवं होतं.

पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनायची. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं. मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गेली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, कार्बोरेटर, पॉइंट, कंडेन्सर. तिच्यात सेन्सर नाही, लॅपटॉप जोडायला जागा नाही. जे बिघडतं ते हाताला लागतं, कानाला ऐकू येतं, नाकाला कळतं. म्हणून मला ही गाडी आवडते. तिच्यापुढे माणसाला आपली सगळी इंद्रियं जागी ठेवावी लागतात.

गळती शोधायची रीत सोपी आहे, पण तिला वेळ द्यावा लागतो. ऑइल खाली टपकतं तिथून ते निघालेलं नसतं. ते वरून कुठून तरी सुटतं, ब्लॉकच्या अंगावरून ओघळतं, चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे जातं आणि सगळ्यांत खालच्या कडेला लोंबकळतं. ती कड बहुधा चेंबरची असते, म्हणून दोष चेंबरच्या पॅकिंगवर येतो. मी इंजिन धुऊन कोरडं केलं, अंगावर टाल्कम पावडर मारली आणि गाडी वीस मिनिटं चालवून आणली. पांढऱ्यावर ओली रेघ लगेच उठते. ती वर वर शोधत जायचं आणि जिथे ती सुरू होते तिथेच थांबायचं. रेघ टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघाली होती.

कव्हर काढलं. कॉर्कचं पॅकिंग चेपून कागदासारखं झालेलं, आणि बोल्टांच्या भोवती पत्रा आत ओढला गेलेला. कॉर्कला हलका दाब पुरतो. जास्त आवळलं की पत्रा वाकतो, दोन बोल्टांच्या मधला भाग उचलला जातो आणि गळती वाढते. मग माणूस आणखी आवळतो. मी पत्रा सपाट लोखंडावर ठेवून लाकडी हातोड्याने सरळ केला, नवं पॅकिंग बसवलं. सिलिकॉन थापलं नाही. बाहेर दिसतं तेवढंच ते आतही दाबलं जातं, त्याचे तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. मग मिसिंगसाठी पॉइंट घासले, गॅप फिलरने लावला, कंडेन्सर बदलला. एमआयडीसीच्या सपाट रस्त्यावर गाडी शिलाई मशीनसारखी चालली. मी गुरुजींना निश्चिंत मनाने पाठवलं.

पंधरा दिवसांनी ते परत आले. डाग लहान झाला होता, पण होता. आणि घाटात मिसिंग तसंच.

माझे उस्ताद लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. रणगाड्यांचं केंद्र असलेल्या आमच्या शहरात असे कसबी हात पुष्कळ होते. गाडी कसल्याही तक्रारीची असो, बॉनेट उघडलं की ते आधी ऑइलची पट्टी काढायचे. पातळी बघायचे, थेंब अंगठा आणि बोटात चोळायचे आणि नाकाशी न्यायचे. "पहले इसको पूछो," एवढंच म्हणायचे. त्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षं ते रोज पाहिलं होतं, आणि या गाडीला मी पट्टी पुसून फक्त पातळी बघितली होती.

आता पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर. बोटात चोळलं तर पाण्यासारखं सरकलं. नाकाशी नेलं आणि पेट्रोलचा भपकारा आला.

गळतं आणि तरी कमी होत नाही, याचा अर्थ दुसरं काहीतरी आत येत होतं. इंजिनच्या कुशीला बसवलेला पेट्रोल पंप उघडला. डायफ्राम फुगून मऊ पडलेला, कडेजवळ नखाएवढी चीर. फाटला तर पेट्रोल बाहेर दिसावं म्हणून पंपाच्या अंगाला बारीक भोक होतं, ते वर्षानुवर्षांच्या मळाने बुजलेलं. म्हणून चिरेतलं पेट्रोल थेट चेंबरमध्ये जात होतं. त्याने ऑइल पातळ होई, आणि पातळ ऑइल जुन्या सीलांना जुमानत नाही. सपाटीवर इंजिनाची भूक कमी, तेव्हा फाटका पंपही पुरा पडे. घाटात मागणी वाढली की कार्बोरेटरची वाटी रिकामी होई. दोन तक्रारी घेऊन आलेल्या गाडीचं दुखणं एकच होतं.

डायफ्राम का फुगला, याचं माझं उत्तर मला जवळचं आहे, कारण माझ्या घरीही ऊस आहे. आपल्या जिल्ह्यात लोणीला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि तेव्हापासून हा मुलूख उसावर जगतो. त्याच उसापासूनही बनणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत पोचलं आहे. शेतकरी म्हणून मला त्याचं मोल कळतं. पण या गाडीतलं रबर ज्या काळात बनलं तेव्हा हे मिश्रण कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. ते फुगतं, चिरतं. पाच-दहा हजारांच्या सीलाच्या कामाला हात घालण्याआधी जुन्या गाडीचा पंप आणि पेट्रोलचे पाइप बघा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. तिथला खर्च काही शेकड्यांचा असतो.

इथेनॉलला टिकणारा डायफ्राम बसवला, टाकीपासूनचे रबरी पाइप बदलले, ते भोक तारेने मोकळं केलं. चेंबर उतरवून बेअरिंग पाहिली, कारण पेट्रोल मिसळलेलं ऑइल आधी त्यांनाच खातं. सुदैवाने ओरखडा नव्हता. ऑइल, फिल्टर नवं. यावेळी चाचणी सपाटीवर घेतली नाही. गुरुजींना शेजारी बसवून करंजी घाट दोनदा चढलो. तिसऱ्या गिअरमध्ये, दुपारच्या उन्हात. गाडी एकदाही अडखळली नाही.

रात्री गाडी गॅरेजमध्येच ठेवली, खाली कोरा पुठ्ठा. सकाळी त्यावर एकच थेंब होता, गिअरबॉक्सच्या बाजूला. मागचं ऑइल सील. ते बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

"हा राहू द्या गुरुजी," मी म्हणालो. "एवढ्यासाठी गाडी उघडायची नाही. वाढला तर बघू."

त्यांनी खिशातून पेन काढलं, थेंबाभोवती गोल केला, शेजारी सुवाच्य अक्षरात तारीख लिहिली आणि पुठ्ठा डिकीत ठेवला. मग बॉनेट उघडायला लावून स्वतः पट्टी काढली आणि नाकाशी नेली.