स्वल्पविराम आणि मेजर कँडी

आजच्या धाग्याचा आरंभ सुप्यातील आमच्या घरच्या एका कागदापासून करतो. आजोबांच्या लाकडी पेटीत जमिनीचे एक जुने मोडी खत आहे. मोडीत शब्दांमध्ये अंतर नाही, विरामचिन्ह नाही. माथ्यावरची रेघ ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते. त्या खतात एक वाक्य आहे : ‘विहीर सामाईक नाही वाट सामाईक’. ‘नाही’नंतर थांबले तर विहीर आमची एकट्याची. ‘नाही’पूर्वी थांबले तर विहीर दोघांची आणि वाट आमची! दुसरे वाचन ओढूनताणून केलेले आहे, हे मी आमच्याच बाजूचा असल्यामुळे म्हणतो असे समजू नका. परंतु पारनेरच्या कोरड्या माळावर विहिरीसाठी माणूस व्याकरणही वाकवतो. आजोबा आणि त्यांचे चुलत बंधू याच एका वाक्यावरून आयुष्यभर एकमेकांशी बोलले नाहीत.

महाविद्यालयात असताना मेजर थॉमस कँडी यांच्या नावाशी गाठ पडली, तेव्हा हा कागद प्रथम आठवला. १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून मराठीला थांबे कुठे घ्यावेत याचे नियम सांगणारा हा इंग्रज गृहस्थ. जन्म १८०४चा, कंपनीच्या लष्करातून आलेला. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात त्यांनी व त्यांचे जुळे बंधू जॉर्ज यांनी साहाय्य केले. पहिली आवृत्ती १८३१ची. मोल्सवर्थ प्रकृतीच्या कारणाने मायदेशी गेल्यावर इंग्रजी-मराठी कोश कँडींनी तडीस नेला. तो १८४७ साली निघाला. दंडसंहितेचे मराठी भाषांतर आणि शाळांच्या क्रमिक पुस्तकांची देखरेख ही कामेही त्यांच्याकडेच होती.

पण त्यांची खरी खुर्ची विश्रामबागवाड्यात होती. पेशवाईनंतर एल्फिन्स्टनने दक्षिणेची रक्कम पुष्कळ कमी केली आणि तिच्यातील काही भागातून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा उभी राहिली. कँडी पुढे तिचे प्रमुख झाले. आता हा पैसा मुळात कोठला? रयतेच्या शेतसाऱ्याचा. सुप्यासारख्या गावांतील कुणब्याने भरलेल्या साऱ्यावर शास्त्र्यांची मुले शिकत होती, आणि कुणब्याच्या मुलाला त्या वाड्याचा उंबरा परकाच होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हाच हिशेब मांडला आणि बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले.

त्याच विश्रामबागवाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी जोतीरावांचा सरकारतर्फे शालजोडी देऊन सत्कार झाला, तोही कँडींच्याच हस्ते. मुलींच्या शाळेची कल्पना जोतीरावांच्या मनात पक्की झाली ती अहमदनगरला मिस फरार यांची कन्याशाळा पाहून. पुणे आणि नगर यांना जोडणारा रस्ता आमच्या गावावरून जातो. इतिहास वाचताना असा एखादा दुवा घराच्या अंगणात सापडला की आनंद होतो, एवढेच; त्याहून अधिक त्याचा अर्थ काढत नाही.

कँडींना डोक्यावर घ्यावे असेही नाही. त्यांच्या हाताखालची मराठी पुष्कळदा इंग्रजीचे अंगरखे घालून चालते. १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांसारख्यांनी या साहेबी वळणावर टीका केली. ती मला पटते, आणि ती पटते असे लिहिताना मी कँडींचाच स्वल्पविराम वापरतो, याची गंमतही वाटते. पंडितांच्या आणि साहेबांच्या मध्ये बसून एका परक्याने आपल्या भाषेला शिस्त लावावी, हे मनाला टोचते. तरी १८७७ साली महाबळेश्वरी निधन होईपर्यंत या माणसाचे सारे आयुष्य मराठीतच खर्ची पडले.

गेल्या उन्हाळ्यात त्या खताचे देवनागरीत लिप्यंतर केले. त्या वाक्याशी आलो तेव्हा चुलत आजोबांचा नातू शेजारीच बसला होता. मी ‘नाही’पुढे पेन्सिलीने स्वल्पविराम दिला. त्याने काही न बोलता माझ्याकडे पाहिले. विहीर तर बारा वर्षांपूर्वीच आटली आहे. मी तो स्वल्पविराम खोडून टाकला आणि वाक्य जसे होते तसेच उतरवले.