पिठाचा कोंबडा

पर्युषणात वडवणीच्या घरी नातू मोबाईलवर बीजीएमआय खेळत होता. शंभर खेळाडू, चौघांचा संघ, आकसत जाणारे वर्तुळ. मी रागावलो.

"आजोबा, यात रक्तसुद्धा हिरवे दाखवतात. खरे कोण मरते?"

मी यशोधर राजाची कथा सांगितली. बळी दिलेला कोंबडा पिठाचा होता. तरी संकल्पाची हिंसा जन्मोजन्मी भोवली. तो गप्प झाला.

मग मीच विचारले, "जिंकता कसे?"

"वर्तुळात आधी पोहोचायचे, उगाच गोळी झाडून जागा उघड करायची नाही, औषधे वाटून घ्यायची आणि धुराचा आडोसा करून पडलेल्या सोबत्याला उठवायचे."

पर्युषणभर खेळ बंद ठेवण्याचे त्याने स्वतःच ठरवले. मी मात्र अस्वस्थ झालो. बँकेत कर्जवसुली करताना पडलेल्या किती जणांना मी उठवले? त्या क्षमावाणीला हा हिशेब जुळला नाही.