बिअर आंबवण्याचे भांडे: काच की प्लास्टिक?

घरी बिअर करताना उकळून थंड केलेल्या वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड पाण्यात, यीस्ट टाकतात. हे मिश्रण बहुधा दोनपैकी एका भांड्यात आंबत ठेवले जाते: कार्बॉय नावाची अरुंद तोंडाची काचेची मोठी बरणी, नाहीतर झाकणाची फूड-ग्रेड प्लास्टिकची बादली. अमेरिकेत एका वेळी साधारण १९ लिटर बिअर करण्याची रीत आहे. फेसाला जागा लागते, म्हणून भांडे २५ लिटरच्या आसपासचे घेतात.

निवड करताना पहिला प्रश्न किमतीचा नसतो. बिअर भांड्यात किती दिवस राहणार, हे आधी ठरवावे लागते. काचेतून ऑक्सिजन अजिबात आत शिरत नाही. बादलीच्या एचडीपीई प्लास्टिकमधून तो फार सावकाश झिरपतो, शिवाय झाकणाच्या कडेतूनही वाट काढतो. यीस्ट जोमात असते तोवर याची भीती नसते, कारण ते ऑक्सिजन संपवते आणि कार्बन डायऑक्साइड सतत बाहेर पडत राहतो. यीस्ट शांत झाल्यावर मात्र बिअर उघडी पडते आणि पुढे तिला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. दोन-तीन आठवड्यांत बाटल्यांत भरायच्या साध्या एल प्रकारच्या बिअरला बादली पूर्ण पुरते. ब्रेटानोमायसिस यीस्ट घालून वर्षभर मुरवायच्या आंबट बिअरला काचच हवी. जास्त ऑक्सिजन मिळाला तर तिच्यात व्हिनेगरचा आंबटपणा वाढतो.

नवख्यांना काच अधिक स्वच्छ वाटते. तिच्यावर सहसा ओरखडे उठत नाहीत, वासही राहत नाही, हे खरे. पण अरुंद तोंडातून हात जात नाही. फेसाचे वाळलेले कडे काढायला वाकडा ब्रश तरी लागतो किंवा अल्कधर्मी द्रावणात रात्रभर भिजवणे. बादली मऊ फडक्याने मिनिटांत पुसून होते. तिच्यावर घासणी मात्र कधीच चालवू नये, कारण ओरखड्यांत लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू दडतात आणि निर्जंतुक करणारे द्रावण तिथवर नीट पोहोचत नाही. लोणच्याच्या डब्याप्रमाणे प्लास्टिक वासही धरून ठेवते. आंबट बिअरची बादली म्हणून वेगळीच ठेवावी.

पारदर्शक काचेला प्रकाशापासून झाकावे लागते. हॉप्स या बिअरमध्ये घालायच्या फुलांमधील कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की गंधकयुक्त संयुग तयार होते आणि बिअरला उग्र दुर्गंधी येते.

सर्वांत गंभीर मुद्दा सुरक्षिततेचा आहे, आणि इथे काच सपशेल मागे पडते. भरलेल्या कार्बॉयचे वजन २५ किलोच्या पुढे जाते. ओल्या हातातून ती निसटली तर फुटलेल्या काचेने स्नायुबंध तुटण्याइतक्या खोल जखमा होऊ शकतात. भरलेली कार्बॉय मानेला धरून कधीही उचलू नये. खाली क्रेट असावा. थंड काचेत उकळते पाणी ओतले तर ती तडकते. हॉप्सच्या चोथ्याने एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी झडप, तुंबला तर आतला दाब वाढतो; बादलीचे अशा वेळी झाकण उडते, बरणी मात्र फुटू शकते. म्हणून सुरुवातीच्या जोमदार दिवसांत एअरलॉकऐवजी जाड नळी लावून तिचे टोक पाण्यात बुडवतात.

पीईटी प्लास्टिकची कार्बॉय हा मधला मार्ग. ती हलकी असते, फुटत नाही, आणि एचडीपीईपेक्षा ऑक्सिजन बराच कमी आत येऊ देते. मात्र कढत पाण्याने तिचा आकार बिघडतो, त्यामुळे ती कोमट पाण्यानेच धुवावी.