अण्णांची फियाट आणि कोबेचा चढ

कोबेला राहायला आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट कळते. इथे सपाट जमीन फार थोडी! एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला रोक्कोचा डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळे शहर. म्हणून इथे पत्ता सांगताना उत्तर-दक्षिण कोणी म्हणत नाही. "यामागावा", म्हणजे डोंगराकडची बाजू, आणि "उमिगावा", म्हणजे समुद्राकडची बाजू. आमचे घर डोंगराकडच्या बाजूला. भाजी आणायला उतरायचे आणि पिशव्या घेऊन चढायचे. अशा गावात गाडीच्या इंजिनाची ताकद हा विषय निघणारच. आमच्याकडे तो निघाला तो मात्र इथल्या गाडीवरून नव्हे, कोल्हापूरच्या गाडीवरून.

आमच्या अण्णांची फियाट १९७५ सालची आहे. कागदोपत्री ती "प्रीमियर पद्मिनी", पण आमच्या पिढीला ती फियाटच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. इंजिन १०८९ सीसीचे, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. गाडीचे वजन नऊशे किलोच्या घरात. घरची पाच माणसे, डिकीत सामान आणि वर कॅरिअरवर वळकटी! आंबा घाट चढताना दुसऱ्या गिअरखाली यायचे नाही असा अण्णांचा पण असे आणि तो घाटाच्या निम्म्यावर मोडत असे. मग बॉनेट उघडायचे, रेडिएटरची वाफ जाईपर्यंत थांबायचे आणि पेट्रोल पंपावर ओले फडके टाकायचे. पेट्रोलची वाफ होऊन पंप अडकला की हाच उपाय. ज्यांच्या घरी फियाट होती, त्यांना हे फडके वेगळे समजावून सांगायला नको.

गेल्या वर्षी या इंजिनाने हाय खाल्ली. धूर निळा येऊ लागला, तेल पिऊ लागले आणि रविवारी जोतिबाला जाताना पहिल्या गिअरवर धापा टाकू लागले. अण्णांचे वय एकोणऐंशी. तरी रविवारचा जोतिबा ते चुकवत नाहीत आणि जातात ते स्वतः गाडी चालवत. धाकट्या भावाने मला व्हिडिओ कॉल लावला.

"ताई, मिस्त्री म्हणतोय, हे इंजिन काढून एकशे अठराचं बसवू. ताकद वाढेल, गिअर खाली येईल, तुझा जीव पण राहील आणि अण्णांचा पण. शिवाय ते जपानी आहे बघ! तू तिथं आहेस, तू अण्णांना सांग. माझं ऐकत नाहीत."

एकशे अठरा म्हणजे प्रीमियरचीच ११८ एनई. १९८५ मध्ये आलेल्या त्या गाडीचे अंग इटालियन फियाट १२४ चे, पण काळीज निस्सानचे. ए-१२ नावाचे ११७१ सीसीचे इंजिन, ताकद बावन्नच्या आसपास. म्हणजे गाडीला जपानी इंजिन बसवण्याची शिफारस जपानमधल्या लेकीने करायची, असा हा बेत! भावाचे म्हणणे उडवून लावण्यासारखे मुळीच नव्हते. महामार्गावर आज ट्रक आणि मोठ्या मोटारी ज्या वेगाने धावतात, त्यात म्हाताऱ्या माणसाने चाळीस घोड्यांची गाडी घालणे हा काळजीचाच विषय आहे. गाडी बंद पडून दारात गंजत राहिली तर तिचे "ओरिजिनल" असणे कोणाच्या कामाचे? मी दोन दिवस मागून घेतले.

विचारायला माणूस शेजारीच होता. आमच्या उतारावरच्या तिसऱ्या घरातल्या आजोबांकडे सुबारू ३६० आहे, १९६७ ची. जपानात तिला लाडाने "तेंतोमुशी" म्हणतात, म्हणजे लेडीबर्ड, तो ठिपक्याठिपक्यांचा लाल किडा. गाडी दिसतेही तशीच, गोल आणि बुटकी. तिच्यापुढे आपली फियाट म्हणजे राजवाडा वाटेल.

या गाडीची कुळकथा सांगण्यासारखी आहे. युद्धानंतर जपानने छोट्या मोटारींचा एक वेगळा वर्ग केला, "केई". १९५५ पासून त्यांना इंजिनाची मर्यादा होती ३६० सीसी. त्याच वर्षी सरकारी पातळीवर सामान्यांच्या मोटारीची कल्पना पुढे आली. एकेकाळी विमाने बनवणाऱ्या नाकाजिमा कंपनीतून फुजी हेवी इंडस्ट्रीज ही कंपनी निघाली होती. तीच २०१७ पासून सुबारू या नावाने ओळखली जाते. तिथल्या शिनरोकु मोमोसे या अभियंत्याने ठरवले, चार माणसे बसतील अशीच गाडी करायची. इंजिन मोठे करता येत नाही ना? मग गाडी हलकी करू! विमानासारखा, वेगळ्या सांगाड्याशिवाय स्वतःच भार पेलणारा पातळ पत्र्याचा सांगाडा, छप्पर फायबरचे, चाके दहा इंची. १९५८ मध्ये गाडी बाजारात आली तेव्हा वजन भरले ३८५ किलो, इंजिन ३५६ सीसीचे, हवेने थंड होणारे टू-स्ट्रोक, आणि ताकद फक्त १६ अश्वशक्ती. किंमत ४ लाख २५ हजार येन. १९७० पर्यंत अशा पावणेचार लाखांहून अधिक गाड्या बनल्या. २०१६ मध्ये जपानच्या यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेने तिला "यांत्रिक वारसा" म्हणून मान दिला.

शेजारच्या आजोबांच्या गाडीत तेच इंजिन सुधारून २० अश्वशक्तीचे झालेले आहे. मी विचारले, "आजोबा, चढावर त्रास होत नाही? मोठे इंजिन का नाही बसवत?" तर म्हणाले, बसवणारे आहेत की! सुबारूच्याच पुढच्या रेक्स गाडीचे ५५० सीसीचे इंजिन या गाडीत बसवणारे हौशी लोक जपानात आहेत. केईची मर्यादा १९७६ मध्ये ५५० आणि १९९० मध्ये ६६० सीसी झाली, त्यामुळे तसे केले तरी वर्ग केईचाच राहतो. मात्र इथे "शाकेन" नावाचे प्रकरण आहे. दर दोन वर्षांनी गाडीची सरकारी तपासणी. तिच्या प्रमाणपत्रावर इंजिनाचा प्रकार आणि सीसी दोन्ही लिहिलेले असतात. सीसी बदलले की नव्याने तपासणी आणि नवे कागद. कागद बदलता येतात, त्याची भीती आजोबांना नव्हती. त्यांनी मला सरळ गाडीत बसवले आणि रोक्कोच्या रस्त्याला लागले.

मंडळी, रोक्कोचे शिखर ९३१ मीटर उंच. आम्ही दोघे आणि माझा नवरा मागे पाय दुमडून. मागच्या बाजूला टू-स्ट्रोकची ती आपल्या जुन्या बजाज स्कूटरसारखी फटफट, आणि तोच वास. गाडी चढत होती, थांबली नाही, पण दुसऱ्या गिअरवर, सायकलवाल्याशी गप्पा मारता येतील अशा चालीने. मागे गाडी आली की आजोबा डावीकडे घेत, हात करत, तिला पुढे जाऊ देत. तीन वेळा असे झाले. कोणी हॉर्न वाजवला नाही. हे जपानचे श्रेय, आजोबांचे नव्हे, हेही लक्षात ठेवले.

खरी गंमत उतरताना कळली. आजोबा म्हणाले, "चढताना सगळे इंजिनाचा विचार करतात. उतरताना कोण करतो?" त्यांचे म्हणणे असे, की हे ब्रेक, हे दहा इंची टायर, हा पातळ पत्रा, सगळे त्या वीस घोड्यांच्या मापाने शिवलेले आहे. घोडे दुप्पट केले की लगाम, खोगीर आणि रस्तासुद्धा बदलावा लागतो. म्हणून त्यांनी इंजिन तेच ठेवले, पण ब्रेकचे रबर, पाइप, टायर यांत कधी कंजुषी केली नाही. एप्रिल १९६९ पूर्वीच्या गाड्यांना जपानात सीट बेल्टची सक्ती नाही. म्हणजे त्यांच्या गाडीला बेल्ट नसले तरी कायद्याने चालते. पण त्यांनी हौसेने बसवून घेतले आहेत. जुनेपणाचा अभिमान आणि बेल्ट यांत त्यांना काही विरोध दिसला नाही.

घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेतली. गाडी थांबायला ब्रेक दाबल्यापासून जे अंतर लागते, ते वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ताशी ६० ऐवजी ८० ने गेलो तर वेग एक-तृतीयांशाने वाढला, पण थांबण्याचे अंतर जवळजवळ पावणेदोन पट! फियाटला बावन्न घोडे मिळाले की अण्णा, किंवा खरे सांगायचे तर अण्णांची गाडी घेऊन जाणारा नातू, ८० ने जाणार. ब्रेक मात्र तेच ड्रमचे. ताकदवान इंजिनाने गाडी सुरक्षित होईल हे भावाचे गणित तिथे अडत होते. मागच्याच्या पुढे राहण्याची सोय झाली असती, पण पुढच्याच्या मागे थांबण्याची नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. भारतात २०२१ च्या जुलैमध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली गाडी त्यात "व्हीए" अक्षरांच्या खास नंबराने नोंदवता येते. पण अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. आमच्या फियाटला २०२५ मध्ये पन्नास पूर्ण झाली. म्हणजे ज्या वर्षी तिला हा मान मिळायचा, त्याच वर्षी आम्ही तिचे इंजिन काढणार होतो! अर्थात या मानाला दुसरी बाजू आहे. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांपुरतीच. जोतिबाचा रविवार त्यात बसत नाही. म्हणून अण्णा चालवतात तोवर साधी नोंदणी, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून. पण पुढे नातवाला तो मान घ्यावासा वाटला तर दार उघडे असावे. निस्सानचे इंजिन बसले की ते दार बंद.

हे सगळे मी भावाला सांगितले. तो थोडा गप्प झाला, मग म्हणाला, "बरं, पण धूर ओकणाऱ्या इंजिनाचं काय करू? पूजा करू?" प्रश्न बरोबर होता. आणि उत्तर त्याच्या घरापासून दोन किलोमीटरवर होते. कोल्हापूर म्हणजे फाउंड्रीचे, ऑइल इंजिनांचे गाव. उद्यमनगरात सिलिंडर बोअर करून देणारे आणि क्रँक घासून देणारे कारागीर आजही आहेत. मग यादी ठरली. इंजिन तेच, पण पूर्ण उघडून बोअरिंग, नवे पिस्टन, रिंगा, बेअरिंग. भारतात शिशाचे पेट्रोल २००० साली बंद झाले, तेव्हा हेड उघडलेच आहे तर व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर ते सोसत नाही, म्हणून इंधनाचे सगळे पाइप आणि पंपाचा पडदा नवा. ब्रेकचे सिलिंडर, होज, लायनिंग नवे. रेडिएटर साफ आणि त्यापुढे विजेवर चालणारा जादा पंखा. सीट बेल्ट. दिव्यांना रिले, म्हणजे रात्री गाडी दिसेल तरी. आणि एक नियम: जे नवीन बसवायचे, ते उद्या काढता आले पाहिजे. पत्र्याला नवे भोक पाडायचे नाही.

भावाची एक अट मीही मान्य केली, आणि अण्णांना ती मीच सांगितली. महामार्ग बंद. जोतिबा, बाजार, पाहुणे, एवढेच. रात्रीचे ड्रायव्हिंग नाही. अण्णांनी ऐकून घेतले. त्यांना इंजिन राहणार याचा आनंद झाला होता आणि महामार्ग जाणार याचे वाईट वाटले होते. दोन्ही चेहऱ्यावर दिसत होते. म्हणाले, "अगं, जोतिबाच्या चढाला मागनं कोण हॉर्न वाजवत असेल तर वाजवू दे. मी बाजूला घेतो. मला काय घाई आहे?"

इंजिन बसून आता तीन महिने झाले आहेत. निळा धूर गेला. घाटात फडके मात्र अजून जवळ ठेवतात. पंख्यावर अण्णांचा पुरता विश्वास नाही.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही गेली. म्हणजे ही गाडी आता कोणाच्या तरी दारातच उरली आहे. आपल्यापैकी अनेकांच्या गावी अशी एखादी फियाट, जीप किंवा लॅम्ब्रेटा ताडपत्रीखाली उभी असेल आणि तिच्याबद्दल विचारणारा फोन कधीतरी तुम्हालाही येईल. रोज चालवायची गाडी असेल, मूळ भाग मिळतच नसतील, तर इंजिन बदलण्यात पाप नाही. आरटीओची परवानगी आधी घ्या, ब्रेक इंजिनाच्या आधी बदला. आणि काढलेले इंजिन भंगारात देऊ नका. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा. त्याचा नंबर आर.सी. बुकावर आपल्या वडिलांच्या नावासमोर छापलेला आहे.