नव्या भिंगाची आवई

जी वस्तू अद्याप जन्मालाच आलेली नाही तिच्या गुणदोषांवरून चार शहाणीसुरती माणसे दोन-दोन तास भांडू शकतात, हे मला औरंगपुऱ्यातल्या एका चहाच्या टपरीवर समजले. सांगून आलेल्या स्थळाबद्दल घरात जसे बोलणे चालते, तसे ही मंडळी न आलेल्या लेन्सबद्दल बोलतात. रूप कसे, वजन किती, स्वभाव कसा, आणि मुख्य म्हणजे आपल्या ऐपतीत बसेल काय!

हा आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या हौशी छायाचित्रकारांचा अड्डा. रविवारी पहाटे कधी बिबी का मकबरा, कधी देवगिरीचा किल्ला, थंडीत पैठणचा नाथसागर असे कुठेतरी जाऊन फोटो काढायचे आणि परत आल्यावर इथे चहाला बसायचे, असा परिपाठ आहे. काढलेल्या फोटोंबद्दल बोलणे दहा मिनिटे. उरलेला सारा वेळ लेन्सच्या वार्तांना. मंडळी म्हणजे एक दंतवैद्य, एक बँकेतले अधिकारी, लग्नांचे फोटो काढणारा एक चुणचुणीत तरुण, शहागंजात आयुष्यभर कॅमेरे दुरुस्त केलेले एक वृद्ध चाचा, आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर, ज्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो. मी मराठीचा अध्यापक. माझ्याजवळ मोबाईलखेरीज दुसरा कॅमेरा नाही. मला तिथे ठेवून घेतले आहे ते श्रोता म्हणून. मैफलीला एक तरी न गाणारा माणूस लागतोच.

आणि ऐकणाऱ्याला तिथे काय कमी मिळते! अफवेला मराठीत किती शब्द आहेत हे वर्गात सांगू लागलो की मुले जांभया देतात. टपरीवर त्या शब्दांची जिवंत उदाहरणे बाकावर बसलेली असतात. आवई उठते, कंडी पिकते, हूल देतात, पुडी सोडतात, आणि वदंता कोणी न सांगता नुसतीच असते. आमचे दंतवैद्य पुड्या सोडतात. बँकेतले अधिकारी हूल देण्यात तरबेज. ‘पुढच्या महिन्यात किमती उतरणार’ असे अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगून त्यांनी एकाची खरेदी दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत लांबवली होती.

चाचांच्या गोष्टी मात्र वदंतेच्या वर्गातल्या. “ये झेनिट देखो, सर. नाम रशियन, काच जर्मन!” मी चौकशी केली, तेव्हा त्यात बरेच तथ्य निघाले. झेनिट कॅमेऱ्यावरची हेलिओस ४४ ही ५८ मिलिमीटरची लेन्स येना येथील कार्ल झाइस कारखान्याच्या बायोटार नावाच्या लेन्सवरून बेतलेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतले आराखडे आणि यंत्रे रशियात गेली, त्यातून ती घडली. काच रशियन असेल, पण कुंडली जर्मन. चाचांची दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक. काही जुन्या जपानी लेन्समध्ये म्हणे किरणोत्सर्गी काच असते, आणि ती म्हातारपणी पिवळी पडते. हेही खरेच! पेंटॅक्सच्या जुन्या ५० मिलिमीटरच्या सुपर टाकुमारसारख्या लेन्सच्या काचेत थोरियम मिसळलेले असे, कारण अशी काच प्रकाशाला अधिक वाकवते. पुढे वर्षानुवर्षांच्या त्या किरणांनीच काचेला चहाचा रंग येतो. चाचांचा त्यावरचा उपाय पापड-कुरडयांच्या जातीचा आहे: लेन्स गच्चीवर उन्हात ठेवायची. काही दिवसांत पिवळेपणा निवळतो.

लग्नवाल्या तरुणाच्या बातम्या कागदोपत्री असतात. जपानी कंपन्या नवी रचना सुचली की पेटंटसाठी अर्ज करतात, आणि तो अर्ज अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. त्यात काचेच्या चकत्या ओळीने काढलेल्या असतात. त्या आकृत्या मोबाईलवर मोठ्या करून हा मुलगा भविष्य वर्तवतो. पत्रिकेसारखेच हे, ग्रह खरे पण भाकीत बेभरवशाचे. कारण पेटंट मागितलेल्या कितीतरी रचना कधी बाजारात येतच नाहीत. कॅननने २०१८ मध्ये आरएफ ही नवी पद्धत काढली तेव्हापासून तिच्यासाठी ३५ मिलिमीटरची, १.४ छिद्राची लेन्स ‘यंदा नक्की’ येणार होती. आमच्या गावाला तिची ओढ जरा जास्तच. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, आणि पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर त्या अंधूक उजेडात उभे राहिले म्हणजे मोठ्या छिद्राच्या लेन्सचे मोल कळते. ती लेन्स आली जून २०२४ मध्ये. मधल्या काळात दंतवैद्यांनी तिच्यासाठी तीनदा पैसे बाजूला काढले आणि तीनदा ते मुलाच्या फीपायी गेले.

पण मला सांगायचे आहे ते काकांविषयी.

काकांची उमेदीची वर्षे जायकवाडीवर गेली. १९७६ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले तेव्हा ते नुकतेच नोकरीला लागले होते. पुढे त्याच जलाशयावर १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य झाले. निवृत्त झाल्यावर काका तिथे पुन्हा जाऊ लागले ते कॅमेरा घेऊन. थंडीत नाथसागरावर चक्रवाक येतात, रोहित पक्षी उतरतात. रोहित उडाला की त्याच्या पांढऱ्या अंगाखालून जे गुलाबी पंख उघडतात, त्यासाठी माणसाने पहाटे चारला उठावे. पण तो पक्षी माणसाला जवळ येऊ देत नाही, आणि पाणी सरले की काठावर चिखलाचा रुंद पट्टा पडतो. तेव्हा लांब पल्ल्याची लेन्स हवी.

ऑक्टोबर २०१९ मध्ये निकॉनने आपल्या आगामी लेन्सची यादी प्रसिद्ध केली. तीत ‘२००-६००’ असा एक आकडा होता. तारीख नव्हती. बाजारात मिळत असलेली ५०० पर्यंतची लेन्स घ्यायचे काकांचे जवळजवळ ठरले होते. ते त्यांनी तत्काळ रद्द केले. “सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे, सर!”

ती थंडी गेली. मग करोना आला, आणि दुसरी थंडी घरातच गेली. तरुण दर पंधरवड्याला नवी खबर आणी: कुणाच्या तरी हातात काळी पट्टी गुंडाळलेली एक लांबट वस्तू दिसली, म्हणजे तीच! काका ती खबर डायरीत तारखेसह टिपून ठेवीत. जन्मभर पाण्याच्या पातळ्या टिपल्या त्याच अक्षरात. तिसरी थंडी, चौथी थंडी. रोहित आले, राहिले, परत गेले. काका आपली जुनी ३०० पर्यंतची लेन्स घेऊन काठावर उभे, आणि फोटोत पक्षी म्हणजे परातीत सांडलेले तांदळाचे दाणे. अखेर जून २०२३ मध्ये लेन्स जाहीर झाली, तीसुद्धा २००-६०० नव्हे तर १८०-६००. वजन सुमारे दोन किलो, किंमत दीड लाखाच्या आसपास. यादीत आणि वस्तूत वीस मिलिमीटरचा फरक का पडला, यावर टपरीवर दोन रविवार खर्ची पडले.

काकांच्या हाती ती पुढच्या थंडीत आली. आणि मग एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. काकांचे फोटो निळे दिसू लागले.

पाणी निळे असणे समजू शकते. पण रोहितही निळसर, चिखलही निळसर, आणि काठावर जाळे विणत बसलेला कोळी तर थेट गोकुळातला वाटावा! काका वयाने वडील, शिवाय चार वर्षे थांबून घेतलेली लेन्स. तोंडावर कोण बोलणार? ते उठून गेले की चर्चा सुरू होई. दंतवैद्यांच्या मते काचेवरच्या लेपात दोष असावा. “पहिल्या मालात असं व्हायचंच,” बँकवाले म्हणाले. चाचांनी एकदा ती लेन्स मागून घेतली, पांढऱ्या कागदासमोर धरली आणि परत दिली. “काच तो पानी है, साब, एकदम पानी.” पण चाचांचे कोण ऐकतो! तीन महिन्यांनी तरुण पुण्याला एका लग्नाला जाऊन आला तो डोळे मोठे करूनच. “सर, पुण्यातसुद्धा बोलतायत. त्या लेन्सला निळी झाक आहे म्हणे!” दंतवैद्यांनी मांडीवर थाप मारली. मला मात्र त्या बातमीचा चेहरा ओळखीचा वाटला. ती आमच्याच टपरीवर पिकलेली कंडी होती. पुण्याची हवा खाऊन जरा बाळसेदार होऊन परत आली होती इतकेच.

उलगडा झाला तो काकांच्या घरी, आणि केला तो त्यांच्या सुनेने. २०२४ च्या दिवाळीची गोष्ट. काकांचे प्रथम इस्त्रीवाल्याशी वाजले. पांढरे सदरे त्याने पिवळे केले, असा आरोप. मग रंगाऱ्याशी. “मी पांढरा सांगितला होता. हा मोतिया रंग कुणी लावायला सांगितला?” रंगारी बिचारा हातातला ब्रश घेऊन उभा. सूनबाईंनी एकदा भिंतीकडे पाहिले, एकदा सासऱ्यांकडे पाहिले आणि म्हणाल्या, “बाबा, मोतिया भिंतीवर नाही, डोळ्यांत असेल. उद्या दाखवून येऊ.”

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. माणसाच्या डोळ्यातले भिंगही वयाबरोबर चाचांच्या टाकुमारसारखे पिवळे होत जाते. फक्त ते गच्चीवर ठेवून निवळत नाही. उन्हाने उलट अधिकच बिघडते. ते पिवळेपण निळा प्रकाश अडवते, आणि हे इतके हळूहळू घडते की माणसाला पत्ता लागत नाही. काका रात्री संगणकावर फोटो नीट करायला बसत. पांढरा पक्षी त्यांना पिवळट दिसे, म्हणून तो पांढरा दिसेपर्यंत ते निळा रंग वाढवीत. नव्या लेन्समुळे पक्षी मोठे आले, म्हणून आमच्या लक्षात आले. तांदळाच्या दाण्यांचा रंग कोण पाहतो?

दवाखान्यात काकांना अगदी घरच्यासारखे वाटले. तिथल्या बाकांवर आमच्याच टपरीचे संभाषण चालू होते. कोणती लेन्स घेतली? विदेशी की देशी? घडीची की साधी? एकीने चष्माच लागत नाही म्हणे! काका घरी आले ते वही भरून. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची कल्पना हॅरोल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरांची. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या खिडक्यांचे प्लॅस्टिकचे कपचे घुसत आणि डोळा ते निमूटपणे सोसतो असे त्यांना दिसले. १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी पहिले भिंग बसवले. पुष्कळ डॉक्टरांनी तेव्हा त्यांना वेड्यात काढले होते. आपल्याकडे १९९२ मध्ये मदुराईला अरोलॅब सुरू झाली आणि परदेशी भिंगांच्या तुलनेत फारच थोड्या किमतीत ही भिंगे तयार होऊ लागली. भिंगाचा मुख्य भाग किती, तर सहाएक मिलिमीटर. “आणि आपण सहाशे मिलिमीटरसाठी चार वर्षं थांबलो, सर,” काका म्हणाले.

जानेवारी २०२५ मध्ये उजवा डोळा झाला. फेब्रुवारीच्या अखेरीस डॉक्टरांच्या परवानगीने आम्ही त्यांना नाथसागरावर नेले. कॅमेरा न्यायचा नाही, ही सूनबाईंची अट. सूर्य वर आला होता. समोर पाण्यात शंभरएक रोहित उभे होते. काका काठावर उभे राहिले आणि त्यांनी डावा डोळा हाताने झाकला. मग उजवा झाकला. पुन्हा डावा. शाळेतल्या मुलासारखा हा खेळ त्यांनी किती वेळ केला कोण जाणे. आम्ही कोणीच बोललो नाही. मग ते म्हणाले, “उजव्यानं दूध दिसतंय. डाव्यानं चहा.” थोड्या वेळाने, कोणालाच उद्देशून नव्हे, म्हणाले, “आणि आकाश हे असं असतं, हे मी विसरलोच होतो की!” तेवढ्यात कुठेतरी मोटरचा आवाज झाला आणि सगळा थवा उठला. चाचांनी काकांचा हात धरला होता तो सोडला नाही.

घरी गेल्यावर काकांनी आपले फोटो उघडले. रात्री साडेअकराला मला त्यांचा फोन आला. “सर, तुम्ही सगळे एवढे दिवस गप्प बसलात?” मी काय उत्तर देणार? मग त्यांनी सगळे फोटो मूळ प्रतींवरून पुन्हा नीट केले. तीन महिने ते काम चालले होते. पुण्यात त्या लेन्सची निळी झाक अद्याप आहेच म्हणतात.

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराची हकीकत मी त्यांना मुद्दाम सांगितली. मोतीबिंदू वाढला तशी त्याची चित्रे लाल-तपकिरी होत गेली. १९२३ मध्ये उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाल्यावर त्याला रंग पुन्हा निराळे दिसू लागले. डावा डोळा त्याने शेवटपर्यंत करून घेतला नाही. काकांनी गोष्ट लक्षपूर्वक ऐकली आणि शेवटच्या वाक्याला त्यांचा चेहरा उजळला. “बघा! एवढा मोठा माणूस. त्यानंही दुसऱ्याची घाई केली नाही.”

म्हणजे काकांचा डावा डोळा अजून चहातूनच पाहतो आहे. परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा सूनबाईंनी मलाच समजूत घालायला सांगितले. मी विषय काढला.

“करायचाय हो, सर. नाही कोण म्हणतं? पण नवीन लेन्स येतेय. जवळचं, लांबचं, मधलं, सगळं एकीतच, आणि रात्री दिव्याभोवती कडं दिसत नाही. सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे.”

“कोण म्हणतं, काका?”

“दवाखान्यात बाकावर एक गृहस्थ होते,” काका डायरी उघडीत म्हणाले. “त्यांच्या जावयाचा मित्र कंपनीत आहे.”