पॅटीबाईंची वही

सॉल्ट लेक सिटीत पाय ठेवला आणि पहिली नजर गेली ती रस्त्यांवर. केवढे रुंद! जुन्या भागातले रस्ते १३२ फुटांचे. ओलांडता ओलांडता दम लागतो. भाऊजी हसून म्हणाले, "वहिनी, बैलगाडी मागे वळवताना अडू नये म्हणून एवढी रुंदी ठेवली, असं इथं सांगतात."

अमेरिकेत बैलगाड्या? मला नवलच वाटलं.

शहराच्या पूर्वेला डोंगरवाटेच्या तोंडाशी १९४७ साली उभारलेलं उंच स्मारक आहे. त्यावर ब्रिगॅम यंग यांचा पुतळा. मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना १८४४ मध्ये जमावानं ठार केलं. मग १८४६ च्या कडाक्याच्या थंडीत इलिनॉयमधलं नॉवू गाव सोडून ही माणसं यंग यांच्यामागून पश्चिमेला निघाली. पण माझ्या मनात घर केलं ते पुतळ्यानं नव्हे, एका सुईणीनं. तिचं नाव पॅटी सेशन्स.

नॉवू सोडलं तेव्हा पॅटीबाई ५१ वर्षांच्या. आठ मुलं झाली, त्यांतली तीनच हाताशी आली. त्यांतल्या सिल्व्हिया या लेकीनं त्यांना एक कोरी वही दिली. त्या वहीत पॅटीबाई दोन दोन ओळी लिहीत गेल्या. आज पाऊस, आज चिखल, आज अमकीला मुलगा. १९९७ साली ही रोजनिशी छापून निघाली, म्हणून आपल्याला हे कळतं.

मैत्रिणींनो, बाळ काही मुक्काम येईपर्यंत थांबत नाही! तंबूत, गाडीत, जिथं वेळ भरेल तिथं पॅटीबाई हजर. मिसुरी नदीकाठी हिवाळा काढून १८४७ च्या जूनमध्ये पुढची सुमारे १६०० किलोमीटरची वाट धरली, तेव्हा बैलही त्यांनीच हाकले. सप्टेंबरात इथं पोचल्या आणि त्याच आठवड्यात एका बाळंतिणीच्या उशाशी बसल्या!

हे खोरं काही निर्मनुष्य नव्हतं. शोशोनी आणि यूट लोक इथं पूर्वापार वावरत होते. नव्या शेतांनी त्यांची शिकार आणि कंदमुळं हिरावली, हेही विसरून चालणार नाही.

पॅटीबाईंच्या घरातही सुख कुठलं? त्या काळी पंथात एकाहून अधिक बायका करण्याची चाल होती. यजमानांनी दुसरं लग्न केलं. दिवसभर दुसऱ्यांची बाळंतपणं करून घरी आलेल्या या बाईनं सवतीचं दुःख त्याच वहीत उतरवलं. १८५० मध्ये यजमान वारले. पुढच्या वर्षी पुन्हा लग्न केलं तेव्हा त्यांनी देवाचे आभार मानले, कशासाठी? तर आता लाकडं फोडायला कुणीतरी आहे म्हणून! वाचून आधी हसू आलं, मग घशात आवंढा.

त्यांनी फळबाग लावली, पैसा गाठीला बांधला आणि उतारवयात त्यातूनच बाउंटिफुल गावी मुलांसाठी शाळा काढली. १८९२ साली ९७ व्या वर्षी त्या गेल्या. तोवर हजारो बाळं त्यांच्या हातून जगात आली होती.

परत येऊन घरातली दुधाच्या हिशेबाची वही उघडली. दर वर्षी ती रद्दीत जाते. या वेळी मात्र लिटरच्या आकड्याखाली एक ओळ लिहिली, 'आज धाकटीचा ताप उतरला.' आणि वही कपाटात ठेवून दिली.